मका, काम आणि भर्तृहरी

फळ्यावर 'मका' लिहायचं. त्याच्याखाली तीच दोन अक्षरं जागा बदलून लिहायची. मुलं वाचतात, 'काम'. मग रवा आणि वार, तवा आणि वात, नदी आणि दीन. पहिलीचा वर्ग या खेळाला कधी कंटाळत नाही. 'दीन' म्हणजे काय हे बहुतेकांना ठाऊक नसतं, पण अक्षरं उलटली की दुसराच शब्द उभा राहतो, याचाच त्यांना आनंद होतो. दुसऱ्या दिवशी ती घरून आपापल्या जोड्या घेऊन येतात. एका मुलीने 'ताई'ची 'ईता' करून आणली आणि ईता म्हणजे काय ते मी सांगावं म्हणून माझ्या टेबलापाशी उभी राहिली. शब्द तयार झालाय म्हणजे त्याला अर्थ असणारच, अशी तिची खात्री होती.

हाच खेळ शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात आहे, पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात. तिथल्या जोड्या आहेत राजा–जारा आणि कपि–पिक. शंका अशी घेतली आहे: शब्द म्हणजे नुसती अक्षरंच असतील, तर जोडीतल्या दोन्ही शब्दांत अक्षरं तीच आहेत, मग अर्थ निराळा का? आचार्यांचं उत्तर असं, की अक्षरं तीच असली तरी क्रम निराळा आहे. मुंग्या एकीमागे एक चालल्या की आपल्या बुद्धीला त्यांची रांग दिसते; रांग म्हणून मुंग्यांहून वेगळी वस्तू तिथे नसते. तसंच अक्षरं ओळीने ध्यानात आली की तोच शब्द. अक्षरांपलीकडे 'शब्द' नावाचं आणखी काही मानायची गरज नाही. उपवर्ष या जुन्या आचार्यांचा हवाला देऊन त्यांनी हा मुद्दा मांडला आहे.

एम.ए.ला संस्कृत घेतलं तेव्हा हे पहिल्यांदा वाचलं. पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. अकोले तालुक्यात, प्रवरेच्या खोऱ्यात, आमची पहिली ते चौथीची शाळा आहे. मुलं भाताच्या नि कांद्याच्या वावरातून येतात. त्यांना वाचायला शिकवताना हा वाद मला पुस्तकातला राहिला नाही. अक्षर खरं, शब्द खरा की वाक्य खरं, हे ठरवल्याशिवाय मी खडू हातात धरू शकत नाही, कारण मूल कुठून सुरुवात करणार आणि कुठे पोचणार हे त्यावरच ठरतं.

या वादातला दुसरा पक्ष भर्तृहरीचा. साधारण पाचव्या शतकातला हा वैयाकरण. का. वा. अभ्यंकर आणि वि. प्र. लिमये यांनी संपादित केलेलं त्याचं 'वाक्यपदीय' पुणे विद्यापीठाने 1965 मध्ये प्रसिद्ध केलं. माझ्याकडे आहे ती तीच आवृत्ती. भर्तृहरीचं म्हणणं सरळ आहे आणि तरी पचायला कठीण आहे. माणूस बोलतो ते अख्खं वाक्य बोलतो, ऐकणाऱ्याला कळतं तेही अख्खं. शब्द आपण त्यातून नंतर वेगळे काढतो, अक्षरं त्याहूनही नंतर. हे तुकडे आपल्या सोयीचे आहेत, बोलण्यात ते तसे कुठे नसतात.

हे खरं आहे का, ते पाहायला आमच्या वर्गातला टाळ्यांचा खेळ पुरतो. शब्द म्हणायचा आणि तो तोंडातून जितक्या हिश्श्यांनी येतो तितक्या टाळ्या वाजवायच्या. आई, दोन. भाकरी, दोन, भाक आणि री. घर, एक. इथे बाहेरून आलेला माणूस मुलांना थांबवतो आणि म्हणतो, 'घ' एक, 'र' दोन. पण चूक मुलांची नसते. मराठी बोलताना 'घर' एका झटक्यात येतं. शेवटच्या 'र'मधला अ आपण उच्चारतच नाही. 'कमळ'ला मुलं दोनच टाळ्या वाजवतात, क आणि मळ. कानाला जे येतं ते त्यांनी मोजलेलं असतं. फळ्यावर मात्र 'घर'ला दोन अक्षरं आहेत आणि 'कमळ'ला तीन. म्हणून दुसऱ्या फेरीला मी शब्द ताणून म्हणते, 'घऽ, रऽ', आणि दोन टाळ्या घेते. मुलं हसतात. "बाई, असं कोण बोलतं?"

कुणीच बोलत नाही. हा 'रऽ' वाडीत कुणाच्या तोंडी नाही, माझ्याही नाही. लिहिता यावं म्हणून मी तो 'घर'मधून उपटून काढते. म्हणजे शाळेच्या पहिल्याच वर्षी, वाचन शिकवण्याच्या पहिल्याच पायरीवर, मी मुलांना जे नाही ते आहे म्हणून दाखवते. भर्तृहरीला याची पूर्ण कल्पना होती. 'वाक्यपदीया'च्या वाक्यकांडात त्याने सांगितलंय, की शास्त्राने केलेली ही सगळी तोडमोड शिकणाऱ्या लेकरांना वळण लावण्यासाठी, त्यांची समजूत काढण्यासाठी आहे. वाट खरी नसली तरी तिच्यावर उभं राहूनच माणूस खऱ्याकडे निघतो. ही कारिका मी पूर्वी नुसतीच वाचली होती. बालवाडीतून आलेली बावीस-पंचवीस पोरं समोर बसल्यावर ती माझ्या अंगावर आली. मुलाला खऱ्या नसलेल्या वाटेवर उभं करण्याचा अधिकार मला कुणी दिला?

आपल्या परंपरेत या प्रश्नाला उत्तरं आहेत. लग्नात अरुंधती दाखवताना आधी तिच्याजवळचा ठळक तारा दाखवतात, नजर तिथे ठरली की मग बारीक अरुंधतीकडे नेतात. वेदान्तात तर ही रीतच आहे: शिष्याला झेपेल असं आधी काही मांडायचं, त्याची समज वाढली की ते मागे घ्यायचं. आमच्याच प्रवरेच्या काठी, खाली नेवाशाला, ज्ञानेश्वरी सांगितली गेली, शके 1212 म्हणजे इसवी सन 1290 मध्ये. तिच्या आरंभीच्या नमनात गणेशाच्या मूर्तीत अक्षरं आणि शास्त्रं पाहिली आहेत. त्याच ज्ञानदेवांनी अमृतानुभवात शब्दखंडन नावाचं सहावं प्रकरण लिहिलं. तिथे ते शब्दाला आधी भरभरून मान देतात. शब्द हा विसरलेल्याची आठवण करून देणारा आहे, त्याचे उपकार मोठे आहेत, हे ते मनापासून सांगतात. मग म्हणतात, की आत्म्याचा विसर मुळी पडलेलाच नसतो, तेव्हा तिथे आठवण करून देणाऱ्याला काम उरत नाही. आधी गौरव आणि मग निरोप, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. ज्याला निरोप द्यायचा त्याचा अपमान केलेला नाही.

पण अरुंधती दाखवणारा भटजी पहिल्या ताऱ्यापाशी थांबत नाही, आणि ज्ञानदेवही प्रकरण अर्धं सोडत नाहीत. शाळेत मात्र आपण बहुतेक वेळा अर्ध्यावरच सोडतो. माझी तक्रार इथे आहे. बाराखडी घोकून घेतली जाते, काना-मात्रा-वेलांटी तोंडपाठ होते, आणि हे सगळं हातात धरायला केलेलं आहे असं मुलाला कुणी सांगत नाही. दर काही महिन्यांनी एक तक्ता भरायचा असतो: मूल अक्षरस्तरावर, शब्दस्तरावर, वाक्यस्तरावर की परिच्छेदावर. माहिती गोळा करायला तो ठीक आहे. पण वर्षानुवर्षं तो भरणाऱ्याला हळूहळू वाटू लागतं, की भाषाच अशी बनलेली आहे, खाली अक्षरांचा थर, त्यावर शब्दांचा, त्यावर वाक्यांचा. एका प्राचीन वादाचा निकाल कुणीही विचार न करता त्या रकान्यांनी लावून टाकलेला असतो.

त्याचा परिणाम मी रोज पाहते. दुसऱ्या शाळेतून आमच्याकडे दुसरीत आलेला एक मुलगा होता. पुस्तकातल्या ओळीखाली बोट ठेवून तो वाचायचा, 'क… म… ळ'. प्रत्येक अक्षर स्वच्छ, एकही चूक नाही. मी विचारलं, "काय आहे ते?" त्याने पुन्हा बोट पहिल्या अक्षरावर नेलं आणि म्हणाला, "क, म, ळ." कमळाचं चित्र शेजारीच होतं. त्याने तिकडे पाहिलंही नाही, कारण वाचणं म्हणजे अक्षरांना नावं देणं असंच त्याला शिकवलं गेलं होतं, आणि ते काम त्याने पुरं केलं होतं. तो अगदी प्रामाणिक होता. त्याला कुणीतरी वाटेत उभं करून निघून गेलं होतं.

इथे मीमांसकांचंही ऐकायला हवं. शबरस्वामी म्हणतात, की आधीच्या अक्षरांचे संस्कार मनात राहतात आणि शेवटचं अक्षर त्या संस्कारांसह आलं की अर्थ कळतो. या मुलाचं दुखणं मला याच वाक्याने समजलं. 'क'वर तो इतका वेळ थांबायचा की 'ळ' येईपर्यंत 'क'चा संस्कार विरून गेलेला असायचा. मन तेवढा वेळ धरून ठेवत नाही. म्हणून अक्षरओळख सहज, वेगाने व्हायला हवी, आणि ती सरावाशिवाय होत नाही. जे म्हणतात अक्षरं शिकवूच नका, मुलं आपोआप वाचतील, त्यांच्याशी मी सहमत नाही. माझ्या वर्गात चित्र पाहून वाचणारीही मुलं असतात. ओळ असते 'बादली भर', चित्रात नळ असतो, आणि मूल खणखणीत आवाजात वाचतं, 'पाणी भर'. अर्थ जवळचा, पण समोर लिहिलंय ते हे नव्हे. उद्या औषधाच्या बाटलीवरचं तो असंच अंदाजाने वाचेल.

भर्तृहरी तरी कुठे म्हणतो, की अक्षरं सोडून द्या. ब्रह्मकांडात त्याने पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याचा दाखला दिलाय. श्लोक एकदा म्हटला की बसत नाही. पुन्हा पुन्हा म्हटला की दर आवर्तनाला थोडा थोडा उजळत जातो आणि शेवटी पुरता हाती येतो. ध्वनींचंही तसंच, प्रत्येक ध्वनी अख्ख्या शब्दावरचं धुकं थोडं हटवतो. त्या मुलाकडून मी तीच ओळ परत परत वाचून घेतली, दर वेळी जराशी चटचट, आणि एकदा 'कमळ' म्हणाल्याबरोबर त्याची मान चित्राकडे वळली.

मग अधिकाराच्या प्रश्नाचं काय? माझं उत्तर मला भेंड्यांत सापडलं.

आम्ही शब्दांच्या भेंड्या खेळतो. एकाचा शब्द ज्या अक्षराने संपेल त्याने दुसऱ्याने सुरू करायचं. गाडी छान चालते, आणि कुणीतरी 'बाळ' म्हणतं. मराठीत 'ळ'ने शब्द सुरू होत नाही, 'ण'नेही नाही. 'फळ', 'माळ', 'कोण'… मुलांना ही अक्षरं टाकून प्रतिपक्षाला अडवण्याची युक्ती लवकरच सापडते. तेव्हा वर्गाने मिळून नियम केला: 'ळ' आला तर 'ल' धरायचा, 'ण' आला तर 'न'. तिसरीतल्या एकाला हे पटेना. "पण बाई, ळ म्हणजे ल नाही ना?" मी म्हटलं, "नाही. खेळात आहे." तो म्हणाला, "बरं," आणि लगेच 'लसूण' म्हणून मोकळा झाला.

त्या 'बरं'मध्ये मला हवं ते सगळं होतं. खेळात मांडलेली गोष्ट खरी नसते आणि खोटीही नसते, हे मुलाला कुणी शिकवावं लागत नाही. भातुकलीतला खोटा खोटा चहा पिऊन कुठल्याही मुलाने आजवर कप रिकामा असल्याची तक्रार केलेली नाही. नियम आपण केलाय, आपण मोडू शकतो, खेळ संपला की तो संपतो, याची पुरती जाणीव ठेवून मूल त्यात जीव ओतून खेळतं. 'घऽ, रऽ' हा उच्चार मी गंभीर चेहऱ्याने घोकून घेतला तर ती मुलाची दिशाभूल आहे. टाळ्यांच्या खेळात घेतला तर ती नाही, कारण "असं कोण बोलतं" हे त्याने आधीच ओळखलेलं असतं आणि तरी तो आनंदाने दोन टाळ्या वाजवतो. खऱ्या नसलेल्या वाटेवर मुलाला उभं करायचंच असेल, तर ती वाट आहे हे त्याला ठाऊक असलं पाहिजे. खेळात ते ठाऊक असतं. म्हणून पहिलीच्या वर्गात खेळ हा मला मनोरंजनाचा भाग वाटत नाही. मुलाशी प्रामाणिक राहून अक्षर शिकवण्याचा दुसरा मार्ग मला माहीत नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं, ते आसपास मिळणाऱ्या वस्तू आणि खेळ हाताशी धरूनच. आम्ही चिंचोके वापरतो. खडूने जमिनीवर मोठं 'ग' काढायचं आणि त्यावर चिंचोके मांडत जायचं. जुन्या काळी धूळपाटीवर बोटाने धुळाक्षरं काढत, त्याच्याच जवळचं हे.

गावच्या देवळात संध्याकाळी हरिपाठ असतो. एक आजी पुस्तिका हातात धरून म्हणतात. त्यांना अक्षर येत नाही, हरिपाठ मात्र सगळा येतो. बोट पानावर फिरत असतं, ते म्हणण्याच्या कधी मागे असतं, कधी पुढे. त्यांची नात माझ्या वर्गात आहे. नुकताच 'ह' आणि 'र' झाला होता, 'रि'ची वेलांटी झाली होती, आणि ती आजीच्या मांडीला टेकून त्या पानात 'हरि' शोधत होती. "आजी, इथं हरी. इथं पण. इथं पण हरी." आजी म्हणाल्या, "सगळीकडंच हाय की गं." एकीकडे अख्खा पाठ होता आणि अक्षर नव्हतं, दुसरीकडे दोन अक्षरं होती आणि पाठ अजून यायचा होता. दोघींपैकी वाचत कोण होतं, हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही. एवढं सांगते, की आजीला निरक्षर म्हणून तक्त्याबाहेर ठेवणाऱ्याला भाषा म्हणजे काय ते कळलेलं नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. पण त्यांच्या ओव्या घरच्यांनी लिहून ठेवल्या, 1952 मध्ये त्या छापल्या गेल्या, म्हणून त्या आपल्याला मिळाल्या, हेही तितकंच खरं. त्या नातीने अक्षर शिकावं, अशी आजीचीही इच्छा आहे.

उच्चाराबद्दल थोडं. आमची मुलं 'पाणी'ला 'पानी' म्हणतात. चिठ्ठीवर 'पाणी' लिहिलेलं असतं, मूल 'पानी' वाचतं आणि माठाकडे बोट दाखवतं. त्याने बरोबर वाचलंय. 'ण'चा उच्चार मी करून दाखवते, करून घेते, पण त्या क्षणी टोकत नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या एक रूप रुळलंय त्यांना अर्थ त्याच रूपातून थेट कळतो, शुद्ध रूप त्यांना लांबचं असतं, हे भर्तृहरीसारख्या कट्टर वैयाकरणानेही मान्य केलंय. आपण त्याच्याहून कडक होण्याचं कारण नाही.

तोडण्याचे खेळ जितके, तितकेच जोडण्याचे हवेत. त्यात शब्दडोंगर मला सगळ्यात आवडतो. पहिल्या ओळीत 'पाऊस'. दुसऱ्या ओळीत 'पाऊस आला'. मग 'काल पाऊस आला', मग 'काल रात्री पाऊस आला'. डोंगर खाली रुंदावत जातो. यातली प्रत्येक ओळ आपल्यापरीने पुरी असते. खुद्द 'पाऊस' हीसुद्धा, कारण ढगाकडे पाहत कुणी नुसतं "पाऊस!" म्हणालं की बाकीची पोरं दप्तरं उचलतात. एक शब्दही वाक्य असू शकतो, हे इथे मुलांना न सांगता दिसतं. गेल्या पावसाळ्यात एकाने डोंगराच्या तळाशी ओळ घातली, 'काल रात्री पाऊस आला आन् आमच्या गोठ्यात पानी शिरलं'. ती मी फळ्यावर त्याच्याच बोलीत लिहिली. वर्गाने ती वाचली तेव्हा कुणीही अक्षर अक्षर लावलं नाही, कारण पुढे काय झालं हे सगळ्यांना जाणून घ्यायचं होतं.

पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या बाईंना आणि सरांना माझी एक विनंती आहे. ज्या तासाला शब्द तोडाल, त्याच तासाला तो मुलाच्या स्वतःच्या वाक्यात परत बसवा. उद्यावर ठेवू नका, पुढच्या स्तराची वाट पाहू नका. मुलाला विचारा, तो सांगेल ते त्याच्या बोलीत फळ्यावर लिहा, खाली त्याचं नाव घाला आणि त्यालाच पहिल्यांदा वाचू द्या. त्याला निधी लागत नाही, परिपत्रक लागत नाही. खडू लागतो आणि तासाची शेवटची पाच मिनिटं लागतात.